चारही चाकं फिरतात, पण किती वेळ?

‘ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, कुठंही घाला,’ असं शोरूममध्ये छातीठोक सांगतात. चारही चाकांना ताकद कधी मिळते आणि किती वेळ टिकते, हे सहसा कुणी सांगत नाही. मला ते गणपतीत कळलं, कोकणात साखरप्याच्या पुढं आमच्या वाडीच्या चढावर. गाडीत सातजण, टपावर सामान, खाली लाल चिखल. अर्ध्या चढावर पुढची चाकं गरगरू लागली, मागच्यांनी जरा जोर लावला आणि समोरच्या पडद्यावर इशारा उमटला: यंत्रणा तापली, मागची चाकं तूर्त बंद. सगळे उतरले, गाडी निवली, मग एका दमात वर चढली. ‘म्हणजे माणसंच जड झाली होय हिला,’ आई म्हणाली. निदान बरोबर होतं.

बिघाड काहीच नव्हता, रचनाच तशी. बहुतेक कौटुंबिक एसयूव्हींत एरवी ताकद पुढच्याच चाकांना जाते. मागच्या डिफरन्शियलपाशी क्लचच्या चकत्यांचा एक संच असतो. पुढची चाकं घसरताहेत असं सेन्सरनं सांगितलं की तो आवळतो आणि मागं ताकद पोहोचते. घाटातल्या ओल्या वळणावर ही सोय झकास. चिखलात मात्र रेटत राहिलं की चकत्या तापतात, आणि त्या जळू नयेत म्हणून संच सुटतो. महिंद्रा एक्सयूव्ही 700 किंवा मारुती ग्रँड व्हिटारा ऑलग्रिपला लो रेंज, म्हणजे चाकं संथ पण जास्त जोरानं फिरवणारा गिअर, नाही. स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोरला आहे. रोज शेतावर, खाणीत जाणाऱ्यानं आधी हे पाहावं. बाकीच्यांना त्यावाचून चालतं.

मग टॉर्क. आकड्यासोबत आरपीएम वाचायचं. एक्सयूव्ही 700 च्या ऑटोमॅटिक डिझेलला 450 न्यूटन-मीटर 1750 आरपीएमपासूनच मिळतात. 2022 च्या ग्रँड व्हिटाराच्या दीड लिटर पेट्रोलला 136.8, तेही 4400 ला. शहरात फरक फारसा जाणवत नाही, पण भरल्या गाडीनं चिखलातला चढ घेताना असं पेट्रोल इंजिन किंचाळायला लावावं लागतं, आणि चाकं तिथंच घसरतात.

माहितीपत्रकात सर्वांत दुर्लक्षित असते वजनाची ओळ. गाडीचं कमाल भारासह वजन घ्या, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरलं ते माणसांचं आणि सामानाचं. सात मोठी माणसं सरासरी 65 किलोची धरली तरी 455 किलो झाले. नारळाची पोती, पीठमीठ, बॅगा अजून बाकीच. शिवाय ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये मागचा डिफरन्शियल आणि शाफ्ट यांनी रिकाम्या गाडीचं वजन वाढतं, तेही त्याच हिशेबातून जातं. जमिनीपासूनची उंचीही रिकाम्या गाडीची की भरलेल्या गाडीची, हे विचारून घ्या. मागं तिघं बसले की शेपूट खाली येतंच.

टायरबाबत मी फार हट्टी झालोय. एक फुटला म्हणून एकच नवा घातला तर चाकांचा घेर वेगळा पडतो, आणि तो क्लच सरळ रस्त्यावरही राबत राहतो. म्हणून चारही एकाच बनावटीचे, सारख्या झिजेचे हवेत. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर नक्षीची आहे, पण पावसाळ्यात तिच्यापर्यंत थांबू नये. ब्रेक लावताना ऑल-व्हील ड्राइव्हची काडीची मदत होत नाही. तिथं टायर आणि तुमचा वेगच कामाला येतात. चढताना धीट वाटणारी गाडी उतरताना इतर गाड्यांइतकीच घसरते.

गाडी बंद पडली आणि क्रेनवाला पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर घासत न्यायला निघाला, तर त्याला थांबवा. क्लचचा संच आणि डिफरन्शियल खराब होऊ शकतात. अशा गाडीला चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच लागतो. विम्यासोबत रस्त्यावरची मदत घेताना हे लेखी घ्या, आणि तो कुठल्या गावाहून येणार तेही विचारा. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर तो कधी पोहोचेल, हा वेगळा प्रश्न.