उष्टावणानंतरचे दिवस

उष्टावण हा महाराष्ट्रातील घराघरांत हौसेने साजरा होणारा संस्कार आहे. मुलगा असेल तर सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलगी असेल तर पाचव्या किंवा सातव्या महिन्यात बाळाला मामाच्या मांडीवर बसवितात आणि खिरीचे पहिले बोट त्याच्या जिभेवर टेकवितात. बाळ तोंड वेडेवाकडे करते, क्षणभर विचारात पडते आणि पुन्हा तोंड उघडते. सारे घर कौतुकाने हसते.

हा दिवस मावळला की मात्र पुष्कळ घरांत बाळाच्या खाण्याचा विषय मागे पडतो. ‘अजून दात कुठे आले आहेत?’, ‘अंगावर पीत आहे, तेवढे पुरे’ असे म्हणत आणखी काही महिने निघून जातात. बालकाच्या कुपोषणाची सुरुवात पुष्कळदा नेमकी याच काळात होते, आणि ती अगदी निमूटपणे होते. मूल खेळते, हसते. केवळ त्याचे वजन वाढायचे थांबलेले असते.

सहा महिने पूर्ण होताच

जन्मापासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यानंतर मात्र एकट्या दुधावर भागत नाही. जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा या सुमारास संपत आलेला असतो आणि वाढीला लागणारी ऊर्जाही अपुरी पडू लागते. या बाबतीत मुलगा व मुलगी असा भेद निसर्गाने केलेला नाही. संस्काराचा महिना रूढीप्रमाणे कोणताही असो, रोजचे वरचे अन्न दोघांनाही सहा महिने पूर्ण होताच सुरू व्हावयास हवे. त्याबरोबर आईचे दूध दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवणे हितावह असते.

वाटी लहान, गरज मोठी

जन्मतः तीन किलो वजनाचे बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास सहा किलोंचे आणि वर्षाचे होता होता नऊ किलोंचे होते. वाढीचा असा वेग आयुष्यात पुन्हा येत नाही. परंतु या बाळाचे पोट जेमतेम वाटीभर अन्न मावेल एवढेच असते. त्या वाटीत पातळ पेज किंवा डाळीचे वरचे पाणी भरले, तर पोट भरते आणि गरज मात्र तशीच राहते. म्हणून चमच्यावरून चटकन ओघळणार नाही इतपत दाट अन्न बाळाला द्यावे.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज दिवसाकाठी सुमारे २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला सुमारे ५५० कॅलरी वरच्या अन्नातून मिळावयास हव्यात. प्रारंभी दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा खाऊ घातले, तरच हे साधते.

यासाठी विकतच्या डब्याची गरज नाही. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी, उकडलेला भोपळा, केळे, पपई, अंडे, दाण्याचा बारीक कूट हे सारे बाळाला मानवते. घासात चमचाभर तूप किंवा तेल घातले की अन्नाचे आकारमान न वाढता ऊर्जा वाढते. नाचणीला मोड आणून, ती वाळवून दळण्याच्या जुन्या पद्धतीतही मोठे शहाणपण आहे. मोड येताना धान्यात तयार होणारे पाचक द्रव्य पिठातील स्टार्च फोडते. त्यामुळे अधिक पीठ घालूनही खीर गोळा होत नाही आणि तेवढ्याच वाटीतून बाळाला अधिक सत्त्व मिळते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मात्र चाटवू नये. त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

भरविण्याचा खटाटोप

पहिले काही दिवस बाळ जिभेने घास बाहेर ढकलते. हा नकार नसतो. आजवर त्याची जीभ केवळ चोखण्यास सरावलेली असते. नवी चव स्वीकारण्यापूर्वी ती अनेकदा, कधी दहा-दहा वेळा, पुढे करावी लागते. नाक दाबून किंवा धाक दाखवून भरविल्यास जेवणाची वेळ हीच मुलाला शिक्षा वाटू लागते. बाळासाठी वेगळी वाटी ठेवावी, म्हणजे त्याने नेमके किती खाल्ले हे कळते. नऊ-दहा महिन्यांचे मूल स्वतः घास उचलू पाहते, निम्मा तोंडात आणि निम्मा अंगावर घेते. ही सांडलवंड म्हणजे त्याचा अभ्यास होय.

पहिला वाढदिवस झाल्यावर अनेक माता काळजीत पडतात. पूर्वी हावरेपणाने खाणारे मूल आता पाठ फिरविते. याचे एक साधे कारण आहे. पहिल्या वर्षी सहा किलोंनी वाढलेले वजन दुसऱ्या वर्षी दोन-अडीच किलोंनीच वाढते; त्यामुळे भूकही मंदावते. वजन योग्य रीतीने वाढत असेल, तर अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही.

रांगते मूल आणि हगवण

मूल रांगू लागले की घराला नवे चैतन्य येते. सापडेल ती वस्तू ते तोंडात घालते, आणि त्याच सुमारास हगवणीचे प्रमाणही वाढते. हगवणीत अन्न बंद करण्याची समजूत अजूनही आढळते. ती घातक आहे. मूल दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडाने पाजून असंख्य पटकीच्या रुग्णांना वाचविले. तोच उपाय आज पुडीच्या रूपाने गावोगावी उपलब्ध आहे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्रावण करावे. आईचे दूध व नेहमीचे अन्न चालू ठेवावे आणि आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने १४ दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. मूल सुस्तावले, त्याचे डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. आजार बरा झाल्यावर दोन आठवडे एक वेळचे खाणे जास्त दिल्यास झीज भरून निघते.

पहिली पावले, पहिला हट्ट

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले अजून पांगुळगाडा सोडत नाही, ही तुलना घरोघरी चालते. निरोगी मुले आठव्या महिन्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही स्वतंत्रपणे चालू लागतात. काही मुले तर रांगण्याची पायरीच गाळतात. दीड-दोन वर्षांचे मूल ‘नाही’ हा शब्द शिकते आणि दिवसभर तो वापरते. हा उर्मटपणा नव्हे. आपली इच्छा आईच्या इच्छेहून वेगळी असू शकते, हा शोध त्याला नुकताच लागलेला असतो. अशा वेळी मारापेक्षा शांतपणे दुसरीकडे लक्ष वळविणे अधिक उपयोगी पडते. चूल, रॉकेल, उघडा हौद आणि अख्खे शेंगदाणे यांपासून मात्र त्याला कटाक्षाने दूर ठेवावे.

आईचे हात दोनच

हे सारे ठाऊक असूनही शेतात किंवा उसाच्या फडात राबणारी आई दिवसातून चार वेळा भरविणार कशी? तिच्या माघारी बाळ बहुधा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना हीच अडचण ओळखली. पाळणाघर, बालवाडी व शाळा एकाच आवारात आणून त्यांनी धाकट्या भावंडांचीही सोय लावली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी नेली. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी तेथून घरी नेण्याचा आहार मिळतो आणि बालकांचे नियमित वजन घेतले जाते.

परंतु अंगणवाडी घराची जागा घेऊ शकत नाही. वडिलांनी, आजीने किंवा काकूने एका वेळचे भरविणे आपल्याकडे घेतले, तर आईचा भार हलका होतो आणि थोरल्या मुलीचे दप्तर खुंटीवरून खाली येते. दर महिन्याला वजन झाल्यावर वाढीच्या तक्त्यावरील रेषा आई-वडिलांनी स्वतः मागून पाहावी. ती वर जात असेल, तर बाळाचे ठीक चालले आहे. ती आडवी झाली, तर मूल वरकरणी कितीही हसरे दिसले, तरी त्याच आठवड्यात अंगणवाडी सेविकेशी बोलावे. त्या वेळी एखादी वाटी वाढविणे पुरेसे ठरू शकते. पुढे तेवढ्याने भागत नाही.