आवाजावरून हालचाल

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटावर रोज सूर्यास्तानंतर गंगेची आरती होते. लगतच्या घाटाला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. काशीविश्वेश्वराचे मंदिरही त्यांनीच १७८० मध्ये पुन्हा बांधविले, त्यामुळे मराठी यात्रेकरूला हा परिसर परका वाटत नाही. चौथऱ्यांवर तरुण पुजारी ओळीने उभे राहतात. शंख फुंकला जातो, घंटांचा नाद सुरू होतो आणि धूप, अनेक थरांचे जड दीपपात्र, चवरी अशी एकेक वस्तू हाती घेऊन ते चारही दिशांना वळत ओवाळतात. 'आता हात उचला' असे त्यांना कोणी सांगत नाही. नादाच्या आधारानेच सर्वांचे हात एकदम उचलले जातात.

नुसता आवाज ऐकवून संगणकाकडून अशी हालचाल निर्माण करून घेता येईल काय? पूर्वी सचेतनपटातील पात्राचा प्रत्येक हातवारा चित्रकाराला हाताने रेखाटावा लागे. पुढे माणसाच्या सांध्यांवर खुणा लावून अनेक कॅमेऱ्यांनी त्याची हालचाल टिपण्याची पद्धत आली. आता अशा टिपलेल्या हालचाली त्यांच्या सोबतच्या आवाजासह संगणकाला पुरवितात आणि दोहोंतील संबंध तो त्यातून शिकतो.

यात ठेका ओळखणे त्या मानाने सोपे. खरी अडचण वेगळीच आहे. एकच वाक्य एक जण हात पसरून बोलतो, दुसरा केवळ मान हलवितो, दोन्ही योग्यच. संगणकाने या सर्वांची सरासरी काढली, की पात्र मरगळल्यासारखे हलते. म्हणून अलीकडच्या पद्धतींत अनेक शक्यतांतून एक निवडली जाते.

दुसरी गोष्ट वेळेची. 'एवढा मोठा' हे शब्द तोंडून निघण्यापूर्वीच बोलणाऱ्याचे हात फाकू लागलेले असतात. जड दीपपात्रही घंटेचा ठोका पडल्यावर उचलू लागले तर उशीर होईल. कथक नर्तकाला समेवर थांबायचे असते, पण त्याची गिरकी कितीतरी मात्रा आधी सुरू झालेली असते. म्हणजे संगणकाला चालू क्षणाचा आवाज पुरत नाही, पुढचा आवाजही ठाऊक असावा लागतो. समोरच्या माणसाशी तत्काळ बोलणाऱ्या पात्राच्या बाबतीत हे फार अवघड होते.

आणखी एक उणीव आहे. २०२१ साली संशोधकांना उपलब्ध झालेल्या 'आयस्ट प्लस प्लस' या संग्रहात दहा नृत्यप्रकार आहेत. त्यांतील बहुतेक हिपहॉप, ब्रेक अशा वळणाचे. कथक त्यांत नाही. शिवाय त्यातील देहाकृतीत बोटांची हालचाल नोंदविलेली नाही. ज्या नृत्यात हस्तमुद्रेवाचून अर्थच पोहोचत नाही, त्याला असा संग्रह अपुरा पडणार.

वास्तविक बनारस हे कथकच्या एका घराण्याचे गाव. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या चित्रपटातील नायक गोपीकृष्ण याच परंपरेतले. कथकमध्ये नर्तक 'ता थेई थेई तत्' असे बोल आधी तोंडाने म्हणतो आणि मग तेच नाचून दाखवितो. या म्हणण्याला पढंत म्हणतात. आवाज आणि हालचाल यांची जोडी येथे आयतीच मिळते. मात्र बनारस, लखनौ व जयपूर या घराण्यांची अंगशैली एकसारखी नाही, तेव्हा संगणकाने कोणाच्या देहावरून शिकायचे, हे आधी नर्तकांनाच ठरवावे लागेल.