तुझं आवडतं कोणतं, हे तरी विचारा

पालकहो,

‘आमचा मुलगा सारखी ती जपानी कार्टून्स बघत बसतो, तुम्ही जरा समजवा त्याला,’ असं मला कुणी ना कुणी सांगतंच. कधी उज्जैनच्या फ्रीगंजात भाजी घेताना, कधी आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत, कधी मुलाला माझ्याकडे शिकवणीला सोडताना. सांगणाऱ्या आई-बाबांना बिचाऱ्यांना कल्पना नसते, की तक्रार नेमकी चुकीच्या दारात आली आहे. मी स्वतः शाळेत असल्यापासून ॲनिमे, म्हणजे हीच जपानी कार्टून्स, बघते आहे, आणि चाळिशी उलटली तरी ते सुटलेलं नाही. म्हणून आज मुलांना समजावण्याऐवजी तुमच्याशीच चार गोष्टी बोलते.

पहिली गोष्ट, हे खूळ आजच्या मुलांनी आणलेलं नाही. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी आपण सगळे दूरदर्शनसमोर बसून जो मोगली बघायचो, तो जपानचाच. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने १९८९ मध्ये केलेली ५२ भागांची ती मालिका. हिंदीत आली तेव्हा तिच्या शीर्षकगीताला शब्द गुलजारांचे होते आणि चाल विशाल भारद्वाजांची. किपलिंगने मोगलीला ज्या जंगलात वाढवलं ते आपल्याच मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. आपल्या राज्यातल्या जंगलाची गोष्ट एका इंग्रजाने लिहिली, जपान्यांनी चितारली आणि आपण ती हिंदीत बघितली. त्या वेळी कुणाच्या आईने ‘जपानी खूळ’ म्हणून टीव्ही बंद केल्याचं मला तरी आठवत नाही.

दुसरं उदाहरण घरातल्या आजी-आजोबांसाठी. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये एका माहितीपटाच्या कामासाठी भारतात आले आणि रामायणाच्या प्रेमात पडले. रामाची गोष्ट चित्रांतूनच सांगायची, असं त्यांनी मनावर घेतलं. ‘परदेशी माणूस आपल्या रामाचं कार्टून करणार’ म्हणून आपल्याकडे विरोध झाला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. मराठी-हिंदी घरांत ‘मीना’ या मुलीच्या चित्रमालिकेमुळे पोचलेले आपले राम मोहन त्यांच्या जोडीला होते, आणि संगीत वनराज भाटियांचं. ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ तयार झाला तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नाही. पुढे टीव्हीवर बघितलेली मुलं मोठी झाली आणि २४ जानेवारी २०२५ ला तो देशभर थिएटरांत नव्याने लागला. तोही ॲनिमेच आहे. तेव्हा ‘ॲनिमे वाईट’ असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. वाचनालयाच्या कपाटात साने गुरुजी असतात, रहस्यकथा असतात आणि मुलांच्या हाती लागू नयेत अशीही पुस्तकं असतात, तसंच हे. कपाटाला कुलूप लावण्यापेक्षा त्यात काय काय आहे हे आपल्याला ठाऊक असलेलं बरं.

आता माझ्या आवडीचं सांगते. यादी मोठी आहे, पण मुलं वाढवणाऱ्यांना कामाची वाटतील अशी तीनच घेते.

‘माय नेबर तोतोरो’ हा हायाओ मियाझाकींचा १९८८ चा चित्रपट माझ्या यादीत कायम वरच्या जागी आहे. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या घरात राहायला येतात, कारण आई जवळच्या इस्पितळात आहे. खुद्द मियाझाकींची आई मणक्याच्या क्षयाने बरीच वर्षं आजारी होती, त्यामुळे आई घरी नसलेल्या घराचं वातावरण त्यात फार खरं उतरलं आहे. चित्रपटात खलनायक नाही, मारामारी नाही. त्यातला एक प्रसंग बघा. पावसाची संध्याकाळ, बसथांब्यावर सात्सुकी वडिलांची छत्री घेऊन उभी आहे. धाकटी मेई तिच्या पाठीवर झोपून गेली आहे. बस येत नाही. शेजारी एक अवाढव्य, केसाळ प्राणी येऊन उभा राहतो, डोक्यावर पाऊस अडवायला फक्त एक पान. सात्सुकी घाबरते, पण वडिलांची छत्री त्याला देऊन टाकते. झाडावरचे थेंब छत्रीवर टपटप पडतात आणि तो आवाज त्याला इतका आवडतो की तो उडी मारतो. झाडावरचं सगळं पाणी एकदम छत्रीवर कोसळतं. बस्स, एवढाच प्रसंग. पण वडिलांना यायला उशीर झाला की मुलाच्या मनात काय चालतं, हे मला कुठल्याही भाषणाहून त्यातून जास्त कळलं. पाच वर्षांच्या मुलाबरोबरही हा चित्रपट निर्धास्त बघा.

दुसरी माझी लाडकी मालिका ‘हायक्यू’. शाळेतल्या व्हॉलीबॉल संघाची गोष्ट, २०१४ पासून आलेली. आपल्या उज्जैनच्या मुलांना ही लगेच भिडते. इथे मल्लखांबावर चढणारी पोरं कमी नाहीत, २०१३ मध्ये तर मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळ केलं. सरावाला नियमित जाणाऱ्या मुलाला हरण्याची ओळख असतेच. या मालिकेत जिंकणाऱ्यांइतकीच जागा हरणाऱ्यांना आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे नायकाचा संघ एक मोठा सामना हरतो. प्रशिक्षक मुलांना ओरडत नाहीत आणि ‘जाऊ दे रे’ म्हणून पाठही थोपटत नाहीत. ते त्यांना एका छोट्या खानावळीत घेऊन जातात, पुढे ताटं येतात, आणि ते सांगतात, खा. आज अंगातली जी ताकद संपली ती जेवल्यावरच भरून येईल. मुलं मुकाट्याने जेवायला लागतात आणि जेवता जेवता एकेकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. कुणी कुणाकडे बघत नाही. आपण निकालाच्या दिवशी काय करतो, हे आठवून बघा. शेजारच्या मुलीचे गुण विचारतो. त्या दिवशी आधी जेवायला वाढावं, एवढं जरी या मालिकेतून उचललं तरी पुष्कळ झालं.

तिसरी, ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’. ही जरा मोठ्यांची आहे. रेई नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, व्यावसायिक पातळीवर खेळतो. आई-वडील आणि बहीण अपघातात गेलेले, तो एकटा राहतो आणि आतून पार कोमेजलेला आहे. त्याला हळूहळू आपलंसं करतं ते नदीपलीकडचं एक घर, तिथल्या तीन बहिणी आणि मिठाईचं दुकान चालवणारे त्यांचे आजोबा. मधली बहीण हिनाता शाळेत आहे. वर्गातल्या मुली तिच्या मैत्रिणीला छळतात, हिनाता मैत्रिणीची बाजू घेते, आणि मैत्रीण शाळा सोडून गेल्यावर सगळा जाच हिच्या वाट्याला येतो. एके दिवशी ती एकाच पायात बूट घालून रडत घरी येते. ती रडत रडत सांगते की तिला भीती वाटते आहे, पण तिने केलं त्यात तिचं काही चुकलेलं नाही. मोठी बहीण काळजीने गप्प होते. आजोबा मात्र ठणकावून सांगतात की तू फार मोठं काम केलंस, मला तुझा अभिमान आहे.

इथे माझ्यातली मावशी दर वेळी थांबते. आपल्या घरात हेच घडलं तर आपण आधी काय म्हणू? ‘तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?’ खरं सांगा, बहुतेक घरांत हेच वाक्य येईल. काळजीपोटीच येईल, पण मुलाला ऐकू येतं ते ‘चूक तुझी’. मुलं शाळेतला त्रास घरी सांगत नाहीत, त्याचं एक कारण हे वाक्य आहे. शिकवणीला येणाऱ्या मुलांनी मला शाळेतलं जे सांगितलं, त्यातलं निम्मं अशा मालिकेवर बोलता बोलता निघालं. ‘मावशी, आमच्या वर्गात पण असंच आहे,’ इथून सुरुवात होते.

आता दुसरी बाजू, कारण आवडतं म्हणून डोळे मिटून घ्यावेत असं मी म्हणत नाही. ‘कार्टून आहे, म्हणजे मुलांचंच’ हा समज आधी काढून टाका. जपानमध्येच यातल्या कित्येक मालिका मध्यरात्रीनंतर दाखवतात, कारण त्या मोठ्यांसाठीच केलेल्या असतात. आपल्या घराघरांत लहान मुलं बघतात तो शिनचॅन मुळात तिथल्या मोठ्यांच्या साप्ताहिकात १९९० पासून छापून येत होता. म्हणून तर २००८ मध्ये आपल्याकडे त्याचं प्रसारण थांबवलं गेलं आणि नंतर काटछाट होऊन तो परत आला. तोतोरोचंच बघा. तो ज्या दिवशी जपानमध्ये लागला, त्याच दिवशी त्याच स्टुडिओचा, इसाओ ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ त्याच्या जोडीने लागला. १९४५ च्या कोबे शहरात बॉम्बवर्षावानंतर उघड्यावर पडलेल्या भाऊ-बहिणीची ती गोष्ट. अप्रतिम आहे, पण ती मी दहावीच्या आतल्या मुलाला एकट्याने बघू देणार नाही. स्टुडिओ एक, दिवस एक, वयं मात्र निराळी.

माझ्या नावडीही सांगते. रक्ताचे पाट दाखवण्यातच ज्यांना मजा वाटते त्या मालिका मी अर्ध्यावर सोडते. शाळकरी मुलींचे कपडे आणि अंगं दाखवण्यासाठीच जिथे कॅमेरा फिरतो, तिथे तर चित्रं कितीही देखणी असोत, मी पुढचा भाग लावत नाही, आणि मुलांनाही का लावत नाही ते सांगते. नुसतं ‘हे घाण आहे, बंद कर’ म्हटलं की मूल दार लावून बघतं. ‘ही मुलगी रडते आहे आणि बाकीचे हसतायत, तुला हसू आलं का?’ असं विचारलं की ते थबकतं. ‘अ सायलेंट व्हॉइस’सारखा उत्तम चित्रपट, ऐकू न येणाऱ्या मुलीला छळणाऱ्या मुलाची आणि त्याच्या पश्चात्तापाची गोष्ट, तोसुद्धा आत्महत्येच्या विचारापाशी सुरू होतो. किशोरवयीन मुलाने तो बघावा, पण घरातलं मोठं माणूस शेजारी असताना.

करायला काय सोपं आहे? ओटीटीवर प्रत्येक मालिकेला वयाचा शिक्का असतो. २०२१ च्या नियमांनुसार ७, १३, १६ वर्षांपुढच्यांसाठी आणि फक्त प्रौढांसाठी अशा पायऱ्या आहेत, आणि १३ च्या पुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ते कुलूप एकदा बसून लावा. फुकटच्या चोरट्या साइटवर मात्र ना शिक्का असतो ना कुलूप, आणि भागाच्या मध्ये जुगाराच्या जाहिराती. महिन्याचं वर्गणीचं खातं घरात एक असलं तर ते स्वस्त पडतं. भागांची संख्याही आधी बघा. ‘वन पीस’ १९९९ पासून चालू आहे आणि अकराशेच्या पुढे गेली आहे. बारावीच्या वर्षात ती पहिल्या भागापासून सुरू करायची की सव्वीस भागांत संपणारी एखादी निवडायची, हे मुलाबरोबर बसून ठरवता येतं. रोज किती भाग, हे ठरलं की ‘अजून एकच’ची कटकट बरीच कमी होते.

आणि एक मालिका पालकांनी स्वतःसाठी बघावी. ‘सूरज : द रायझिंग स्टार’. जपानमधली १९६८ ची बेसबॉलची गाजलेली ‘क्योजिन नो होशी’ ही मालिका क्रिकेटमध्ये बदलून, मुंबईच्या गरीब वस्तीत आणून २०१२ मध्ये आपल्यासाठी केलेली. बापाचं अपुरं राहिलेलं स्वप्न मुलाच्या खांद्यावर कसं येऊन बसतं, हे तिच्यात आहे. इंदूरच्या नाहीतर कोट्याच्या क्लासची फी भरून आलेल्या प्रत्येक आई-बाबांनी तिचा एक भाग बघितला तर हरकत नाही.

मूल दहा-बारा वर्षांचं झालं की त्याची आवड हीच त्याची पहिली स्वतःची मिळकत असते. शाळा आपण निवडलेली, क्लास आपण लावलेला, शर्टसुद्धा बहुधा आपणच आणलेला. आवडतं पात्र मात्र त्याने स्वतः शोधलेलं असतं. त्या पात्राची थट्टा केली की मूल ती स्वतःची थट्टा समजतं. आणि आवडी वयाबरोबर बदलतात. शाळेत मला कार्टून नेटवर्कवरच्या ‘ड्रॅगन बॉल झी’तल्या मारामाऱ्या हव्या असत; आज मला मिठाई करणारे ते आजोबा हवेत. तुमच्या मुलाचंही तसंच होईल, त्यासाठी त्याला ढकलावं लागत नाही.

तेव्हा एवढंच करा. या रविवारी मुलाला विचारा, ‘तुझं सगळ्यात आवडतं कोणतं आणि त्यातलं कोण?’ मग मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याबरोबर एक अख्खा भाग बघा, मध्ये न उठता, नावं न ठेवता. भाग संपल्यावर आवडला नाही तर तसं खुशाल सांगा, पण बघून सांगा. न बघता दिलेला निकाल मुलं मानत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.