पडद्याचे माप आणि चित्राचे माप

खापा हे कन्हान नदीकाठचे गाव. हातमागाचे जुने गाव म्हणून त्याची ओळख आहे. माग कसा चालतो हे आपण पाहिले आहे. ताण्याचे धागे फणीच्या घरांतून ओवतात. घरांवरून धागे ठरतात. धाग्यांवरून कापडाचा पन्हा ठरतो. हे माप आधी जुळवतात. मग धोटा चालतो.

संगणकाचा पडदाही असाच मापाचा असतो. माप चुकले की अक्षर बिघडते. अक्षर बिघडले की वाचणारा घोटाळ्यात पडतो. म्हणून हा पाठ.

दोष कोणाचा?

समजा, एक विणकर काका दाखल्यासाठी सेवा केंद्रात गेले. नुकतेच ते लिहायला-वाचायला शिकले आहेत. केंद्रातल्या ताईने पडदा त्यांच्याकडे वळवला.

“काकाजी, तुमचं नाव बरोबर आहे का, पाहून घ्या.”

काकांनी पाहिले. अक्षरे पुसट होती. कुठे अनुस्वार आहे, कुठे नाही, समजेना. आकडा १ आहे की ९, तेही कळेना.

“बाई, मले अजून नीट वाचता येत नाही वाटते. तुम्हीच पाहा ना जी.”

“थांबा काकाजी. इकडच्या पडद्यावर पाहू.”

शेजारच्या पडद्यावर तेच नाव उघडले. काकांनी ते घडाघडा वाचले. एक मात्रा चुकली होती, तीही त्यांनीच दाखवली.

म्हणजे दोष काकांचा नव्हता. त्यांच्या डोळ्यांचाही नव्हता. दोष पडद्याच्या मापाचा होता. नवा वाचणारा मात्र आधी स्वतःलाच दोष देतो. तसे करू नका.

बारीक गिऱ्हाईक म्हणजे काय?

पुष्कळ कचेऱ्यांत, बँकांत आणि शाळांत प्रत्येक टेबलावर पूर्ण संगणक नसतो. एका खोलीत एक मोठा संगणक असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. सगळे काम तो करतो. टेबलावर फक्त एक लहान डबी, एक पडदा, कळफलक आणि माऊस असतो. या डबीला थिन क्लायंट म्हणतात. थिन म्हणजे बारीक. क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक. ही डबी मोठ्या संगणकाकडून चित्र घेते आणि पडद्यावर दाखवते. डबी स्वस्त पडते, वीज कमी खाते. म्हणून ती वापरतात.

पण यामुळे मापे तीन झाली. मोठा संगणक चित्र तयार करतो, त्याचे एक माप. डबी चित्र पुढे पाठवते, तिचे दुसरे माप. पडदा चित्र दाखवतो, त्याचे तिसरे माप. तिन्ही मापे एक असली म्हणजे अक्षर स्वच्छ दिसते. एक जरी वेगळे झाले, तरी चित्र बिघडते.

माप कसे मोजतात?

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. आडव्या ओळीत किती ठिपके आणि उभ्या ओळीत किती, हे पडद्याचे माप. त्यालाच रिझोल्यूशन म्हणतात. नेहमी आढळणारी तीन मापे पाहा.

१०२४ आडवे, ७६८ उभे. एकूण ठिपके ७,८६,४३२.
१३६६ आडवे, ७६८ उभे. एकूण ठिपके १०,४९,०८८.
१९२० आडवे, १०८० उभे. एकूण ठिपके २०,७३,६००.

आजच्या सपाट पडद्यात ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. ते पुढे वाढत नाहीत, कमी होत नाहीत. आता १०२४ ठिपक्यांचे चित्र १३६६ ठिपक्यांच्या पडद्यावर ताणले तर काय होईल? तीन ठिपक्यांचे काम सुमारे चार ठिपक्यांना वाटून द्यावे लागेल. काठावरचे फूल तीन धाग्यांचे आखले आणि चार धाग्यांवर विणायला सांगितले, तर विणकर काय करील? एक धागा कुठेतरी जास्त घालील. फूल बेढब होईल. पडदाही तेच करतो. मधल्या ठिपक्यांना तो अर्धामुर्धा रंग देतो. म्हणून अक्षराची कड पुसट होते.

मराठी अक्षराला याचा त्रास जास्त. आपला अनुस्वार म्हणजे एवढासा ठिपका. रफार, उकार, वेलांटी याही बारीक. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक तो केवढा! अक्षर फिसकटले की हा फरक नाहीसा होतो.

खुणेवरून दोष ओळखा

१. अक्षर पुसट आहे, गोल शून्य अंड्यासारखे आडवे दिसते. तर डबीचे माप आणि पडद्याचे माप जुळत नाही.

२. पान उजवीकडे किंवा खाली कापले गेले आहे. ‘जतन करा’ हे बटण दिसतच नाही. तर मोठ्या संगणकाचे चित्र मोठे आहे आणि पडदा लहान आहे.

३. चित्र मध्ये लहान दिसते, भोवती काळी पट्टी आहे. तर चित्र लहान आणि पडदा मोठा आहे.

४. पडदा काळा पडला आणि ‘आउट ऑफ रेंज’ असे लिहून आले. तर डबी पडद्याला झेपणार नाही असे माप पाठवते आहे.

५. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. हा मापाचा दोष नाही. तिथे मराठी अक्षरांचा संच नीट बसवलेला नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी. एकच पडदा बिघडला असेल, तर दोष त्या टेबलापाशी शोधावा. सगळेच पडदे एकदम बिघडले, तर दोष मोठ्या संगणकात शोधावा.

दुरुस्ती कशी करावी?

हे काम यंत्र चालवणाऱ्याचे आहे. पण क्रम आपल्यालाही ठाऊक असावा.

पहिले, वायर पाहावी. १९८७ साली १५ पिनांची एक जोडणी निघाली. तिचे टोक बहुधा निळे असते. जुन्या पडद्यांना ती अजून आढळते. पिन वाकली किंवा वायर सैल झाली तर घोटाळा होतो. १९९४ साली एक नवी सोय निघाली. पडदा आपले माप याच वायरीतून डबीला सांगू लागला. वायर खराब असली की हे सांगणे डबीपर्यंत पोचत नाही. मग डबी अंदाजाने लहान माप धरते. म्हणून आधी यंत्र बंद करावे, पिना पाहाव्या, टोक घट्ट बसवावे आणि मग यंत्र पुन्हा सुरू करावे.

दुसरे, पडद्याच्या कडेचे मेनू बटण दाबावे. डबीकडून कोणते माप येते आहे ते बहुतेक पडदे तिथे सांगतात. पडद्याचे स्वतःचे माप त्याच्या माहितीपत्रकात असते. दोन्ही ताडून पाहावी. चित्र नुसते बाजूला सरकले असेल, तर ‘ऑटो’ बटणाने ते पुष्कळदा जागेवर येते.

तिसरे, डबीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्प्ले उघडावे. तिथे पडद्याचे स्वतःचे माप निवडावे. अक्षर लहान वाटले तर ठिपक्यांचे माप बदलू नये. अक्षराचा आकार वाढवण्याची सोय वेगळी असते. ती वापरावी.

चौथे, मोठ्या संगणकातून पुरते बाहेर पडावे. नुसती खिडकी बंद करून भागत नाही. काम आत तसेच चालू राहते आणि जुने मापही टिकून राहते. साइन आउट करावे आणि पुन्हा आत यावे. मग पुष्कळदा मोठा संगणक नव्या मापाचे चित्र देतो.

पडदा काळाच असेल, तर आधी चालत असलेला पडदा डबीला परत जोडावा. माप कमी करावे. मग नवा पडदा लावावा.

याने आपले काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. दाखले, अर्ज, पैशाचे व्यवहार असे कितीतरी काम आज पडद्यावर होते. पडद्यावर आपण ‘बरोबर आहे’ म्हटले, की तेच कागदावर छापून येते. नावाची मात्रा चुकली, गट नंबरात १ चा ९ झाला, तर दुरुस्तीसाठी सावनेरच्या तहसील कचेरीत खेपा घालाव्या लागतात. मजुरी बुडते, गाडीभाडे पडते.

पूर्वी सावकार म्हणे, “इथे अंगठा लाव.” न वाचता लोक अंगठा लावत. आता आपण वाचायला शिकलो. पडदा पुसट आहे म्हणून न वाचताच हो म्हटले, तर तो पुन्हा अंगठाच झाला! अक्षर स्पष्ट दिसेपर्यंत हो म्हणू नये. सरळ सांगावे, “ताई, अक्षर स्पष्ट दिसत नाही. पडद्याचं माप पाहा. नाहीतर आधी कच्ची प्रत छापून द्या.” यात लाजण्यासारखे काही नाही. कापड घेताना आपण पन्हा मोजून घेतो. तसेच हे.

ध्यानात ठेवा

चित्र, डबी आणि पडदा, तिघांचे माप एक असावे.
अक्षर पुसट दिसले तर आधी दुसऱ्या पडद्यावर वाचून पाहावे.
नाव आणि आकडे वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

उत्तरे सांगा

१. थिन क्लायंट म्हणजे काय?
२. पान खाली कापले गेले तर कोणती मापे जुळत नाहीत?
३. नुसती खिडकी बंद करून का भागत नाही?
४. आपले पूर्ण नाव पाटीवर लिहा. त्यात अनुस्वार, मात्रा, वेलांट्या किती आहेत ते मोजा. पडद्यावर नाव पाहताना तेवढ्या सगळ्या दिसल्या पाहिजेत.