पाच दिवस, एकच नेटका प्रश्न

प्रश्न : भू-अवकाशीय एआयच्या पाच दिवसांच्या समर स्कूलमध्ये मला पाच नवख्या संशोधकांचा गट सांभाळायचा आहे. विषय आहे, उपग्रहचित्रांवरून पूर ओळखणे. सुरुवात कशी करू?
– एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : आधी विषय लहान करा. पाच दिवसांत नवं मॉडेल उभं राहत नाही; एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मिळू शकतं. माहिती गोळा करत बसू नका. सेन१फ्लड्स११ हा २०२० सालचा खुला संच तयार आहे : ११ पूरघटना, ४,८३१ चित्रतुकडे. तो आधीच उतरवून ठेवा.

खरी मेख चाचणीत आहे. जवळच्या गोष्टी दूरच्यांपेक्षा अधिक सारख्या असतात, हे वॉल्डो टोब्लर यांनी १९७० मध्येच मांडलं. त्यामुळे तुकडे सरमिसळ करून प्रशिक्षण आणि चाचणी यांत वाटले, की शेजारचाच तुकडा परीक्षेला येतो आणि गुण फुगतात. एक अख्खा पूर बाजूला ठेवून त्यावर तपासा. आकडा घसरेल, गट हिरमुसेल. त्या संध्याकाळी तुम्ही त्यांच्यासोबत बसायलाच हवं. चुकलेले तुकडे एकेक उघडा. रडारच्या उपग्रहचित्रांत संथ पाणी काळं दिसतं, पण शहरात पाणी आणि भिंती यांवरून दुहेरी परावर्तन होऊन बुडालेला रस्ता उजळ दिसू शकतो. हे त्यांचं त्यांना सापडू द्या.

अशा गटांत जलशास्त्राची मुलं कोड लिहिणाऱ्यांपुढे गप्प होतात. जोड्या मिश्र लावा, कीबोर्ड आलटूनपालटून द्या. आणि शेवटच्या सादरीकरणात तो घसरलेला आकडाच दाखवा, ही माझी कळकळीची विनंती.