आराखडा एकत्र, पण सुरुवात एकेकट्याने

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील कार्यशाळेत चार-चार विद्यार्थी मिळून वेबपानाचा आराखडा काढतात. प्रत्यक्षात एकच जण काम करतो, बाकीचे बघत बसतात. गटच मोडावेत का?

उत्तर : गट मोडू नका, फक्त क्रम बदला. येल विद्यापीठातील, 1958 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना सुचवल्या, त्याहून कितीतरी अधिक कल्पना वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर मिळाल्या. गटात एक बोलतो तेव्हा इतरांचे विचार थांबतात. म्हणून पहिली दहा मिनिटे प्रत्येकाने एकट्याने, कागदावर, जाड पेनने चौकटी काढाव्यात. मग सगळे कागद भिंतीवर लावावेत आणि निवड मात्र एकत्र करावी.

‘फिग्मा या आराखडे काढण्याच्या ऑनलाइन साधनात एकाच फाइलवर सगळ्यांना काम करता येते, मग कागद कशाला?’ ही शंका रास्त आहे. पण पडद्यावरचा देखणा आराखडा पुसायला जीव होत नाही आणि चर्चा रंगांवर घसरते. चित्रकला कच्ची असलेल्यालाही चौकोन काढता येतोच. फिग्मा दुसऱ्या टप्प्यात हवेच, आणि तिथे खरा मराठी मजकूर टाकायला लावा. जागा भरण्यापुरता ‘लोरेम इप्सम’ हा लॅटिनसदृश निरर्थक मजकूर टाकला, तर वेलांट्या-उकारांना ओळींमध्ये लागणारी जादा जागा कुणाच्या लक्षातच येत नाही. मराठी पान नेमके तिथेच बिघडते.