ज्योला गवसलेली वाट

अमेरिकेतील कॉन्कर्ड या गावी १८६८ साली लुइझा मे ऑल्कॉट ही लेखिका काहीशा नाखुशीनेच एक कादंबरी लिहू लागली. मुलींसाठी पुस्तक लिहावे, असा प्रकाशकाचा आग्रह होता. घरच्या गरिबीमुळे तिने शिवणकाम केले होते, शिकवण्या केल्या होत्या, टोपणनावाने भडक कथाही लिहिल्या होत्या. परंतु बहिणींखेरीज इतर मुलींशी तिचा फारसा परिचय नव्हता. म्हणून तिने आपल्याच घराकडे दृष्टी वळविली. चार बहिणींचे रुसवेफुगवे आणि त्यांची स्वप्ने तिने कागदावर उतरविली. पहिली प्रकरणे तिला व प्रकाशकाला नीरस वाटली. पण ज्या मुलींनी हस्तलिखित वाचले, त्या हरखून गेल्या. हीच 'लिटल विमेन' ही कादंबरी होय. शांता शेळके यांनी ती 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणली.

या चौघींपैकी १५ वर्षांच्या ज्योला काहीतरी अलौकिक करून दाखवावयाचे असते. ते काय, हे मात्र तिला ठाऊक नसते. पुढे ती पैशासाठी भडक कथा लिहिते आणि लाज वाटून त्या जाळून टाकते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने ती खचते, तेव्हा आई तिला घरच्यांसाठी काही लिहावयास सुचविते. ज्यो एक साधी गोष्ट लिहिते आणि ती अनोळखी वाचकांच्याही हृदयाला भिडते.

ऑल्कॉटने ज्योला ध्येय आयते दिले नाही. तिने तिला चुकू दिले, रडू दिले आणि पुन्हा लेखणी हाती घेऊ दिली. म्हणूनच कुमारवयीन वाचकांना ज्यो आपलीशी वाटते.